वळताना पुढच्या चाकातून ‘कट-कट’ आवाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेजवर समोरासमोर, फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या रेकॉर्डिंगसोबत जे प्रश्न वर्षानुवर्षं येत राहतात, ते इथे लिहिले आहेत. आमचं गॅरेज कराडजवळ आहे. कुंभार्ली घाट चढून-उतरून आलेल्या गाड्या रोज बघतो, त्यामुळे या आवाजाशी जुनी ओळख आहे. लिहिण्याचं कारण एकच. हा आवाज बहुतेक वेळा ओळखता येतो, तरीही अंदाजाने सुटे भाग बदलून लोकांचे हजारो रुपये जातात. पाना हातात घेण्याआधी दहा मिनिटं नीट ऐकलं तर हे टळतं.

१. वळताना पुढून कट-कट-कट असा आवाज येतो. काय खराब झालं असेल?

तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल, आवाज स्टिअरिंग बरंच फिरवल्यावरच येत असेल, अ‍ॅक्सिलरेटर दिला की वाढत असेल आणि सरळ रस्त्यावर बंद होत असेल, तर पहिला संशय ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, चाकाकडच्या सी.व्ही. (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे एकसारख्या वेगाच्या) जॉइंटवर. गॅरेजमध्ये ‘साहेब, एक्सल गेलाय’ म्हणतात तो हाच.

या चारपैकी एक जरी गोष्ट जुळत नसेल तर थांबा. चाकाचे ढिले नट, टायरमध्ये अडकलेला खडा, सुटू लागलेला व्हील कव्हर, स्ट्रटचं (शॉकअपचं) वरचं बेअरिंग, ब्रेक पॅडची क्लिप हे सगळेही ‘कट’ किंवा ‘टक’ असाच आवाज करतात. आधी प्रश्न ४ मधली तपासणी करा.

२. हा सी.व्ही. जॉइंट असतो तरी काय?

पुढच्या चाकावर चालणाऱ्या गाडीत त्याच चाकाला गाडी ओढायची असते आणि वळायचंही असतं. गिअरबॉक्समधून निघालेला शाफ्ट सरळ रेषेत फिरतो, पण चाक चाळीसेक अंशांपर्यंत वळलेलं असतं. ट्रकच्या प्रॉपेलर शाफ्टला असतो तसा साधा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) इथे बसवला, तर एवढ्या कोनात चाक प्रत्येक फेरीत दोनदा जलद आणि दोनदा हळू फिरेल, आणि स्टिअरिंग हातात थडथडेल. सी.व्ही. जॉइंटमध्ये एका वाटीत खाचा असतात, आत दुसरा खाचांचा गोळा असतो, आणि दोघांच्या मध्ये पिंजऱ्यात धरलेल्या सहा पोलादी गोळ्या असतात. चाक कितीही वळलं तरी या गोळ्या दोन्ही भागांच्या कोनाच्या बरोबर मधोमध राहतात, म्हणून चाक एकसारखं फिरतं. आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२०च्या दशकात ही रचना शोधली. १९५९ साली आलेल्या ब्रिटिश मिनी गाडीने ती सर्वसामान्यांच्या गाडीत आणली.

आपल्याकडे हा आवाज घरोघरी पोहोचला तो मारुती ८००बरोबर, डिसेंबर १९८३ नंतर. त्याआधीच्या अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या, त्यांच्या पुढच्या चाकांना शाफ्टच नव्हता. जुने मिस्त्री पुढच्या आवाजाला आधी ‘बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा सांधा) बघ’ म्हणतात ते त्या काळाच्या सवयीने.

या गोळ्यांना घट्ट काळं ग्रीस लागतं. ते आत राहावं आणि माती बाहेर राहावी म्हणून वर घड्यांचं रबर असतं. तो बूट. जॉइंट आपोआप क्वचितच मरतो. आधी बूट फाटतो, फिरत्या शाफ्टबरोबर ग्रीस बाहेर उडतं, त्या जागी पाणी आणि वाळू जाते, गोळ्यांच्या खाचांना खड्डे पडतात. मग वळणावर भार आला की गोळी खड्ड्यातून उडी मारते. कट. पुढची गोळी. कट.

३. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांना शाफ्ट आहे की नाही हे कसं कळेल?

ऑल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, डिझायर, बलेनो, अर्टिगा, आय टेन, आय ट्वेंटी, टियागो, पंच, नेक्सॉन या पुढच्या चाकांवर चालतात. ओम्नी, ईको, नॅनो, इनोव्हा क्रिस्टा, आणि फोर बाय फोर नसलेल्या बोलेरो व स्कॉर्पिओ मागच्या चाकांवर. दुसऱ्या यादीतल्या गाडीला कोणी ‘पुढचा एक्सल बदलावा लागेल’ म्हटलं, तर कोणता तो दाखवायला सांगा. फोर बाय फोर गाड्यांसाठी प्रश्न १६ बघा.

४. गॅरेजला जाण्याआधी मी स्वतः काय तपासू शकतो?

बरंच काही. एक मोकळं, सपाट मैदान हवं आणि बाहेर उभा राहून ऐकणारा एक माणूस. ए.सी. आणि गाणी बंद, चारही काचा खाली.

सगळ्यात आधी गाडी उभी असताना व्हील पान्याने चारही चाकांचे नट घट्ट आहेत का बघा. हे पहिलंच का, ते प्रश्न १० मध्ये आहे. टायरच्या खाचांमधले खडे स्क्रू ड्रायव्हरने काढा. प्लॅस्टिकचे व्हील कव्हर असतील तर तपासणीपुरते काढून डिकीत टाका.

मग इंजिन चालू ठेवून, गाडी जागेवरच उभी असताना, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. चाकं फिरत नाहीत, त्यामुळे इथे आवाज आला तर तो सी.व्ही. जॉइंटचा नाही. प्रश्न ८ कडे जा.

जागेवर शांत असेल तर स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे घेऊन पहिल्या गिअरमध्ये, माणूस जोरात चालेल त्याहून थोड्या जास्त वेगाने गोल फेऱ्या मारा. मग डावीकडे. मग दोन्ही बाजूंना रिव्हर्समध्ये. आवाज येऊ लागला की खरी परीक्षा: फेरी चालू असतानाच हलकासा अ‍ॅक्सिलरेटर द्या, आणि लगेच क्लच पूर्ण दाबून गाडी तशीच घरंगळू द्या. अ‍ॅक्सिलरेटरला आवाज वाढला आणि क्लच दाबताच विरला किंवा अगदी मंद झाला, तर तो भाराशी बांधलेला आहे, म्हणजे जॉइंट. क्लच दाबूनही तितकाच येत राहिला, तर तो चाक फिरण्याशी बांधलेला आहे, म्हणजे नट, कव्हर, खडा, ब्रेक किंवा मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक. ऑटोमॅटिक गाडीत क्लचऐवजी अ‍ॅक्सिलरेटर सोडून फरक ऐका.

ही एक परीक्षा मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

मैदान नसेल तर सोसायटीच्या पार्किंगमधली भिंत चालते. भिंतीला समांतर हळू गेलं की आवाज परत फिरून खिडकीत येतो आणि कोणत्या बाजूचा ते कळतं.

५. उजवीकडे वळताना आवाज येतो. मग उजवा जॉइंट गेला का?

बहुतेक वेळा उलट. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या, म्हणजे बाहेरच्या चाकावर जातो, म्हणून डावा जॉइंट बोलतो. डावीकडे वळताना उजवा.

पण हा नियम दगडावरची रेघ नाही. वळणाच्या आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त कोनात वळतं, त्यामुळे फार झिजलेला जॉइंट आतल्या बाजूलाही वाजतो. दोन्ही बाजू गेल्या असतील तर दोन्ही वळणांवर आवाज येतो. म्हणून कानाने अंदाज बांधा, निर्णय मात्र बूट बघून घ्या.

आणखी एक घोटाळा होतो. अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये ‘ड्रायव्हर साइड’ म्हणतात ती डावी बाजू, आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे. एका वाचकाने व्हिडिओ बघून चांगला असलेला उजवा शाफ्ट विकत आणला होता. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनीही आपल्या भावाला फोनवर सांगताना डावा-उजवा असंच म्हणावं.

६. बूट बघायचा कसा? गाडी उचलावी लागेल का?

बाहेरचा बूट बघायला बहुधा नाही. ज्या चाकाचा बघायचा, त्याच्या उलट दिशेला स्टिअरिंग पूर्ण फिरवा. डाव्या चाकासाठी उजवीकडे. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला दगड. आता त्या चाकाच्या मागच्या बाजूला बसून मोबाईलची बॅटरी आत मारा. चाकाच्या मध्यभागाकडे जाणारा दांडा दिसेल आणि त्याच्या टोकाशी घड्यांचं काळं रबर. वळलेल्या चाकामुळे एका बाजूच्या घड्या उघडलेल्या असतात, चीर असेल तर तिथे दिसते. चीर बहुतेक वेळा घडीच्या खाचेत, आडवी असते. हाताने घड्या जरा फाकवून बघा, मग गाडी फूटभर पुढे घेऊन पुन्हा बघा, कारण एका वेळी बूटाचा अर्धाच भाग दिसतो.

बूट चिरलाय पण चीर दिसत नाही असंही होतं. तेव्हा ग्रीस शोधा. फिरता शाफ्ट ते एका रेषेत उडवतो, त्यामुळे रिमच्या आतल्या कडेवर, ब्रेकच्या कॅलिपरवर आणि मडगार्डच्या प्लॅस्टिकवर काळ्या ठिपक्यांचा पट्टा दिसतो. काळ्या मातीच्या भागात चिखल आणि ग्रीस सारखेच दिसतात. बोटावर घ्या. चिखल पाण्याने जातो, ग्रीस जात नाही आणि उजेडात शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखं चमकतं.

आता तेच ग्रीस अंगठा आणि बोटात चोळा. लोण्यासारखं मऊ लागलं तर बूट नुकताच फाटला आहे, जॉइंट वाचण्याची शक्यता चांगली. कचकचलं, भाकरीत खडा यावा तसं, तर वाळू आत पोहोचली आहे. पावसाळ्यात कोकणातून आलेल्या गाड्यांचं ग्रीस कधी कधी तांबूस आणि पातळ झालेलं असतं, त्यात पाणी गेलेलं असतं. तेव्हा जॉइंट उघडून बघितल्याशिवाय नवा बूट चढवू देऊ नका.

७. सर्व्हिसिंगला सांगितलं की बूट फाटलाय. आवाज तर काहीच नाही. पैसे उकळतायत का?

शंका येणं स्वाभाविक आहे, म्हणून फाटलेला बूट डोळ्यांनी दाखवायला सांगा. खरंच फाटला असेल तर हेच काम सगळ्यात आधी करा. आवाज नाही ही चांगली बातमी आहे, कारण अजून खाचा शाबूत आहेत. बूट, क्लिपा आणि ग्रीसचं किट काहीशे रुपयांत येतं. अख्खा शाफ्ट काही हजारांत. या दोन आकड्यांच्या मध्ये कधी कधी फक्त एक पावसाळा असतो.

मी दरवर्षी मेच्या शेवटी आणि दिवाळीच्या आधी गिऱ्हाइकांना बूट बघायला बोलावतो. त्याचे पैसे घेत नाही.

८. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं तरी ‘टण्ण’ किंवा ‘कट्’ होतं. ते काय?

वर शॉकअपच्या टोकाशी जे बेअरिंग आणि माउंटिंग असतं, ते. स्टिअरिंग फिरतं तेव्हा स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही त्या बेअरिंगवर फिरतात. ते गंजलं किंवा अडकलं की स्प्रिंग आधी पीळ खाते आणि मग एकदम सुटते. तारेवर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो, तो हाच. बॉनेट उघडून एका माणसाने शॉकअपच्या वरच्या टोपीवर तळवा ठेवावा आणि दुसऱ्याने स्टिअरिंग फिरवावं. ज्या बाजूला झटका हाताला लागेल ती बाजू. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये बोटं मुळीच घालू नका.

स्प्रिंगचं टोक तुटलेलं असलं तरी असाच आवाज येतो. अशी स्प्रिंग टायरला लागू शकते, त्यामुळे लगेच बदलावी. थंड देशात, जिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे गंजाने स्प्रिंग तुटणं नेहमीचं आहे. तिथल्या वाचकांनी जॉइंटच्या आधी स्प्रिंग बघावी.

आवाज पायाशी, डॅशबोर्डच्या खालून येत असेल तर स्टिअरिंग कॉलमचा छोटा क्रॉस बघायला सांगा. तो हाताला जाणवतो.

९. खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर ‘खट’ आवाज येतो, वळताना जास्त. हाही जॉइंटच का?

नाही. खड्ड्याला प्रतिसाद देणारा आवाज सस्पेन्शनचा. सगळ्यात आधी लिंक रॉड, मग लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट, मग टाय रॉड एंड. लिंक रॉड वाजत राहिला तर कटकट आहे, धोका मोठा नाही. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड यांचं तसं नाही. ते निसटले तर चाक हवं तिकडे वळतं. चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून त्यातली ढिलाई बघतात. हे काम गॅरेजमध्येच करून घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, खाली लोखंडी घोडी लावलेली असलीच पाहिजे.

१०. कालच पंक्चर काढलं, आज वळताना कट-कट सुरू झालं.

गाडी आत्ताच बाजूला घ्या आणि नट बघा. बाकीचं नंतर.

ढिल्या नटांवर चाक वळणावर किंचित सरकतं आणि टकटकतं. सरळ रस्त्यावर आवाज येईलच असं नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. ढिल्या नटांनी चाक चालवलं की नट तर सुटतातच, पण चाकाची भोकंही लांबट होतात आणि ते रिम मग वापरण्याजोगं राहत नाही. नट एकाआड एक, चांदणीच्या क्रमाने घट्ट करा. छोट्या गाड्यांना बहुधा ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान टॉर्क असतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे. पान्यावर उभं राहून उड्या मारायची गरज नाही. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघा.

बाहेरून अलॉय बसवले असतील तर नटाची बसायची कड रिमशी जुळते का तेही बघा. काही रिमना उतरती कड लागते, काहींना गोल. चुकीचा नट कितीही आवळला तरी सुटत राहतो.

११. सरळ रस्त्यावरही टक-टक येते, वेग वाढला की वाढते.

हा चाकाच्या फेरीशी बांधलेला आवाज. मोजून बघता येतो. १६५/८० आर १४ मापाचा टायर घेतला तर त्याचा घेर साधारण १ मीटर ९५ सेंटीमीटर. ताशी १० किलोमीटरला गाडी सेकंदाला २.७८ मीटर जाते, म्हणजे चाकाच्या मिनिटाला ८५च्या आसपास फेऱ्या. स्पीडोमीटर दहावर धरा आणि मिनिटभर टक-टक मोजा. ८५च्या जवळ आकडा आला तर फेरीला एक ठोका आहे: टायरमधला खडा किंवा खिळा, व्हील कव्हरची तुटलेली क्लिप. सी.व्ही. जॉइंटचे ठोके बहुधा याहून दाट असतात आणि सरळ झाल्यावर थांबतात.

टक-टक नसून ‘गूं’ किंवा ‘घर्र’ असा सलग आवाज असेल आणि तो वळणावर कमी-जास्त होत असेल तर व्हील बेअरिंग.

१२. रिव्हर्स घेतली आणि मग पुढे निघालो की एकदाच ‘टक’ होतं. पुढे काही नाही.

दोन शक्यता. ब्रेक दाबतानाच होत असेल तर पॅड आपल्या जागेत मागे-पुढे सरकतायत, क्लिपा आणि शिम (पॅडमागच्या पातळ पट्ट्या) बघून घ्या. ब्रेकचा संबंध नसेल आणि गाडी ओढ घेतानाच होत असेल, तर शाफ्टच्या टोकाच्या खाचा हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, कोरड्या पडल्या आहेत. हबचा मधला नट काढून त्या साफ करायच्या, मॉलिब्डेनमची पेस्ट लावायची आणि नवा नट टॉर्क रेंचने आवळायचा. यासाठी शाफ्ट बदलण्याची गरज नाही. मला हे ठासून सांगायचं आहे, कारण याच एका ‘टक’साठी चांगले शाफ्ट भंगारात गेलेले मी पाहिले आहेत.

गाडी चालू करून पहिल्यांदा निघाल्यावर थोड्या वेगाला एकच ‘टक’ किंवा ‘घर्र’ होऊन संपत असेल, तर काही गाड्यांत ते ए.बी.एस.चं (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचं) स्वतःची तपासणी करणं असतं.

१३. जॉइंट वाजतोय हे नक्की झालं. किती दिवस चालवू शकतो?

कोणीही दिवस मोजून देऊ शकत नाही. काही जॉइंट महिनोन्‌महिने वाजत राहतात, काही घाटातल्या एका वळणावर तुटतात. गावात हळू, स्टिअरिंग पूर्ण फिरवून अ‍ॅक्सिलरेटर न देता, गॅरेजपर्यंत जाणं ठीक. लांबचा प्रवास, घाट, लादलेली गाडी नको.

तुटला तर काय होतं ते माहीत असलं पाहिजे. इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि गाडी पुढे जात नाही. डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटणारा गिअरबॉक्समधला भाग, सगळं फिरणं तुटलेल्या बाजूला सोडून देतं. आणि फार कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की गिअरमध्ये टाकून उभी केलेली गाडीसुद्धा उतारावर घरंगळते, कारण गिअर जो धरून ठेवतो तो या शाफ्टमधूनच. ऑटोमॅटिकचं ‘पार्क’ही तसंच. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, तो धरतो. म्हणून जॉइंट वाजू लागल्यापासून उतारावर हँडब्रेक पूर्ण ओढा आणि चाकाला दगड लावा.

१४. नुसता बूट, नुसता जॉइंट, की अख्खा शाफ्ट? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

आवाज नाही आणि ग्रीस मऊ आहे, तर बूट. जॉइंट सोडवून, धुऊन, पूर्ण सुकवून, किटमधलंच काळं ग्रीस सगळं भरायचं. रॉकेल किंवा पेट्रोल आत राहिलं तर नवं ग्रीस पातळ होतं. साधं पिवळं ग्रीस इथे चालत नाही.

आवाज येत असेल तर नुसता बूट बदलून उपयोग नाही. नव्या ग्रीसने आवाज काही दिवस दबतो आणि परत येतो. तेव्हा बाहेरचा जॉइंट बदला. आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट पण झिजला असेल, म्हणजे सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर देताना गाडी थरथरत असेल, तर अख्खा शाफ्ट परवडतो.

कमी पैशांत एक जुनी युक्ती करतात: डाव्या-उजव्या बाजूचे बाहेरचे जॉइंट एकमेकांत बदलायचे. पुढे जाताना खाचेची एकच भिंत झिजते, बाजू बदलली की न झिजलेली भिंत कामाला येते. आवाज खरोखर जातो. पण रिव्हर्समध्ये तो पुन्हा ऐकू येऊ शकतो आणि फार खोल झिजलेल्या जॉइंटला हे करू नये. गाडी लवकरच विकायची असेल तर घेणाऱ्याला सांगा. लपवू नका.

बिल देण्याआधी दोन गोष्टी विचारा. हबचा मधला नट नवा टाकला का, आणि टॉर्क रेंचने आवळला का. शाफ्ट काढताना गिअर ऑइल सांडतं, ते पुन्हा भरून पातळी बघितली का हेही विचारा. शाफ्ट बाहेर काढलेला असताना गाडी चाकांवर ढकलायची नाही, बऱ्याच गाड्यांत त्याने व्हील बेअरिंग खराब होतं.

१५. नवा शाफ्ट टाकला. आवाज तसाच, वर ए.बी.एस.चा दिवा लागला.

दिव्याचं आधी. काही गाड्यांत बाहेरच्या जॉइंटवरच दातांची रिंग असते, तिच्यावरून सेन्सर चाकाचा वेग मोजतो. बाजारातल्या शाफ्टवर ती रिंग नसेल किंवा दातांची संख्या वेगळी असेल, तर दिवा लागतो. जुना शाफ्ट शेजारी ठेवून दात मोजायला सांगा. म्हणूनच काम पूर्ण होईपर्यंत जुना भाग परत देऊ नये.

आवाजाचं: तो बहुधा आधीपासून जॉइंटचा नव्हताच. पाटणहून एक वॅगन आर आली होती. दुसरीकडे दोन्ही शाफ्ट बदलून झाले होते, आवाज जशास तसा. मी क्लच दाबून बघितलं, आवाज हलला नाही. डाव्या मडगार्डच्या आत प्लॅस्टिकचं लायनर एका बाजूने सुटलं होतं आणि चाक पूर्ण वळलं की टायरचे ठोकळे त्याच्या कडेवर एकामागून एक घासत होते. टायरच्या खांद्यावर पुसटशी चकाकती रेघ होती. क्लिप बसवली, आवाज बंद. त्या काकांनी शाफ्टसाठी साठवलेले पैसे मोडले होते. गाडी सुरू करून निघताना ते काही बोलले नाहीत. ही यादी लिहायचं मी त्या संध्याकाळी ठरवलं.

१६. थार फोर बाय फोर आहे. फोर व्हील टाकली की वळताना कट-कट आणि झटके बसतात.

डांबरी, कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकून वळू नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात, आणि थार, जिप्सी अशा गाड्यांत फोर व्हीलमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात. फरक जायला जागा नाही, मग ताण साठतो आणि टायर झटक्याने घसरून तो सुटतो. चिखलात, वाळूत टायर घसरून ताण निघून जातो. टू व्हीलमध्ये आणून तीच फेरी मारा. आवाज गेला तर गाडी ठीक आहे. चिखलातही कट-कट येत असेल, तर पुढचे बूट बघा.

१७. स्पीडब्रेकरला गाडी लागते म्हणून स्पेसर (स्प्रिंगशी बसवायची जाड चकती) टाकून उंच केली. त्यानंतर बूट लवकर फाटतात.

कारण शाफ्ट आता सरळ रस्त्यावरही तिरकाच फिरतो. बूटाच्या घड्या एका बाजूला कायम ताणलेल्या राहतात आणि जॉइंटच्या गोळ्या खाचेच्या टोकाकडे चालतात. माझा सल्ला स्पेसर काढण्याचा आहे. ठेवायचाच असेल तर दर तीन महिन्यांनी बूट बघा.

१८. आवाज चाकातून नाही, स्टिअरिंगच्या आतून टिक-टिक येतो.

वळून सरळ होताना एकदाच टिक झालं तर ती इंडिकेटर आपोआप बंद करणारी खुंटी. कागद चुरगाळल्यासारखा आवाज असेल, आणि हॉर्न मधूनच वाजत नसेल किंवा एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर आतली गुंडाळीची तार, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, तुटत आली आहे. याला स्वतः हात लावू नका, एअरबॅग तिथेच आहे.

१९. इलेक्ट्रिक गाडीलाही हे होतं का?

पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर होतं, जॉइंट तोच आहे. मोटर जागेवरूनच पूर्ण जोर देते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उलट दिशेने ओढते, त्यामुळे प्रश्न १२ मधला कोरड्या खाचांचा ‘टक’ जास्त जाणवतो. इंजिनचा आवाज नसल्याने बारीकसारीक सगळंच ऐकू येतं, म्हणून घाबरून जाऊ नका.

२०. गॅरेजमध्ये नेली की आवाज येतच नाही. मेकॅनिक म्हणतो, काही नाही, घेऊन जा.

हे फार वेळा होतं, आणि त्यात ना तुमचं चुकतं ना त्याचं. थंड गाडीतले आवाज गरम झाल्यावर जातात, एकट्या माणसाच्या गाडीत न येणारे चार माणसं बसल्यावर येतात, पावसानंतर येणारे कोरड्या दिवशी गायब होतात. म्हणून ‘आवाज येतो’ एवढंच सांगू नका. असं सांगा: ‘सकाळी पहिल्यांदा बाहेर काढताना, सोसायटीच्या रॅम्पवर डावीकडे पूर्ण वळवून चढताना, चार-पाच ठोके, क्लच दाबला की थांबतात.’ एवढं वाक्य ऐकलं की चांगला मेकॅनिक अर्ध्या रस्त्यात पोहोचतो. शक्य असेल तर गाडी आदल्या रात्री गॅरेजवर ठेवा, म्हणजे सकाळी तो स्वतः थंड गाडी काढेल. नाहीतर ज्या रॅम्पवर आवाज येतो तिथेच त्याला घेऊन जा, तुम्ही चालवा आणि त्याला बाहेर, चाकाशेजारून चालू द्या.